फेरफाराची वही, पण प्रोग्रामसाठी

प्रो गिट : लेखक – स्कॉट चॅकॉन व बेन स्ट्रॉब, दुसरी आवृत्ती, २०१४

सातबाऱ्यावर नाव बदलले म्हणजे जुने नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला पूर्वी कंस करीत; शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्या क्रमांकाने गाव नमुना सहा उघडला की बदल केव्हा झाला आणि वारसाने, खरेदीने की वाटणीने, हे कळते. नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागत नाही. तोच मुलगा संगणकावर प्रोग्राम लिहू लागला की मात्र 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरोखर अंतिम' अशा फाईलींचा ढीग करून ठेवतो.

मुलांनाच का नावे ठेवा? आमच्या गटात पावसाच्या नोंदींवर आकडेमोड करणारा एक प्रोग्राम होता. अहवाल दिल्यानंतर तीन वर्षांनी एका तक्त्यातला आकडा कसा आला, असे विचारणारे पत्र आले. आमच्याकडे त्या प्रोग्रामच्या चार प्रती निघाल्या, चौघींची उत्तरे निराळी, आणि अहवालातल्या आकड्याशी एकीचेही उत्तर जुळेना. आम्ही अहवालातून तो तक्ता मागे घेतला. प्रस्तुत पुस्तकाकडे आम्ही वळलो ते त्यानंतर.

'गिट' ही प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिली. प्रोग्रामच्या बदलांची नोंद ठेवण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्येच अशी प्रणाली तयार केली होती. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला चाळीस अंकाक्षरांची एक खूण मिळते. ही खूण मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून काढलेली असते. त्यामुळे मागच्या एखाद्या नोंदीत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. तलाठ्याच्या वहीला ही सोय नाही!

पुस्तकाचे दुसरे आणि तिसरे प्रकरण उत्तम आहे. एक आज्ञा द्यायची, संगणक काय उत्तर देतो ते जसेच्या तसे छापायचे, मग त्यातली ओळ न् ओळ समजावायची, ही लेखकांची रीत वर्गात घेण्यासारखी आहे. नुसते प्रोग्रामचे तुकडे उतरवून घेणे किती घातक असते, याचे एक उदाहरण पाहू. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी संख्या शोधण्यासाठी यादी निम्मी-निम्मी करीत जातात. त्यातली ही ओळ कित्येक प्रयोगवह्यांतून सापडेल :

मध्य = (आरंभ + शेवट) / २

दहा संख्यांवर ती बरोबर चालते. परीक्षकही तेवढेच पाहतात. पण टर्बो सी प्लस प्लसमध्ये साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७ आहे. आरंभ १७,००० आणि शेवट १८,००० असला, तर ३५,००० ही बेरीज मर्यादेबाहेर जाऊन उणे ३०,५३६ होते आणि 'मध्य' येतो उणे १५,२६८! याच जातीची चूक, अर्थात बऱ्याच मोठ्या मर्यादेवर, जावा भाषेच्या अधिकृत संग्रहात सुमारे नऊ वर्षे दडून होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीर केली. दुरुस्ती एका ओळीची आहे :

मध्य = आरंभ + (शेवट − आरंभ) / २

आता कोणी ही दुरुस्त ओळ पाहिली, तर त्याला ती उगीच लांबवलेली वाटेल, आणि तो सोपी करायला जाऊन चूक परत आणील. ओळ अशी का लिहिली हे बदलाच्या नोंदीतच लिहून ठेवायला हवे. नोंदीचा मथळा पन्नासेक अक्षरांत द्यावा आणि खाली बदलामागचे कारण लिहावे, हा सल्ला पुस्तकात आहे. पण तो पाचव्या प्रकरणात आहे. तो दुसऱ्यातच हवा होता. नवशिक्याला पहिल्या दिवशी लागलेली 'बदल केला' एवढेच लिहिण्याची सवय पाचव्या प्रकरणापर्यंत पक्की होते.

लेखकांशी आमचा दुसरा मतभेद अधिक गंभीर आहे. गिटमध्ये जुन्या नोंदी नव्याने मांडून इतिहास नीटनेटका करता येतो. इतरांना दिलेल्या नोंदींना असा हात लावू नये, अशी ताकीद लेखक देतात. इतिहास म्हणजे घडले ते सर्व, की वाचकासाठी सुसूत्र केलेली हकीकत, हे दोन्ही पक्षही ते प्रामाणिकपणे मांडतात. व्यावसायिकांना दोन्ही वाटा मोकळ्या असाव्यात. विद्यार्थ्याला मात्र पहिलीच द्यावी, असे आमचे मत आहे. प्रयोगशाळेच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकीच्या वाचनावर एक रेघ मारतात आणि ते वाचता येईल असे ठेवतात. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे मराठवाड्यातल्या पैठणचेच काम. पण त्यांनी वगळलेले पाठ कोणते, हे नोंदलेले नसल्याने पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा मोठा वाद झाला.

सहावे प्रकरण सबंधच्या सबंध गिटहब या एका कंपनीच्या सेवेवर खर्ची पडले आहे. चॅकॉन हे तिच्या संस्थापकांपैकी एक, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. याउलट आपल्या कामाची 'बंडल' ही आज्ञा सातव्या प्रकरणात कोपऱ्यात बसली आहे. तिच्या योगे सर्व इतिहास एका फाईलीत बांधून पेन ड्राइव्हवर देता येतो. लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत ती फाईल पाठवली, तरी दोन्हीकडचे काम जुळते. इंटरनेट लागत नाही. गिटमधली नोंद आपल्याच संगणकावर होत असते, त्यामुळे जोडणी तुटली तरी काम थांबत नाही. आमच्या भागासाठी पुस्तक लिहायचे, तर आम्ही सुरुवातच येथून केली असती.

गणिताच्या शिक्षकांनी 'बायसेक्ट' जरूर पाहावे. हजार नोंदींपैकी कोणत्या नोंदीत चूक शिरली, हे याच निम्मे-निम्मे करण्याच्या युक्तीने दहा चाचण्यांत निघते. दोनचा दहावा घात शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

एक व्यावहारिक सूचना. फाईलींची नावे देवनागरीत ठेवली, तर गिट ती सुरुवातीला अंकांच्या रूपात दाखवते. 'कोअर डॉट कोटपाथ' ही खूण बंद केली की नावे वाचता येतात. नोंदी मात्र बेलाशक मराठीत लिहाव्यात.

पुस्तक इंग्रजी आहे, पण भाषा सरळ आहे, आणि संगणकावर ते विनामूल्य वाचता येते. पहिल्या वाचनात दुसरे, तिसरे, पाचव्यातला नोंदींचा भाग आणि सातव्यातले 'बंडल' व 'बायसेक्ट' एवढे पुरे. सहावे वगळले तरी चालेल. गिटचे पोट उघडून दाखवणारे दहावे प्रकरण उन्हाळ्याच्या सुटीसाठी ठेवावे.