भयाची पंगत : आस्वाद, भूक आणि भयानक रस

भयाचा देखावा मांडून अन्न आणि मद्य विकणारे भोजनगृह ही आता जगभर परिचित झालेली गोष्ट आहे. शवपेटीच्या आकाराचे टेबल, भिंतीला टांगलेले सांगाडे, मुखवटे घातलेले वाढपी, रक्तासारखे दिसणारे पेय आणि मध्येच विझणारे दिवे ही त्याची ठरलेली सामग्री. हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात १८९२ साली ‘कॅफे द्यु नेआं’, म्हणजे ‘शून्यतेचे कॅफे’, सुरू झाले. तेथे शवपेट्यांवर पेले ठेवले जात, वाढपी अंत्यविधी करणाऱ्यांच्या काळ्या पोशाखात वावरत, पेयांना रोगांची आणि जंतूंची नावे असत आणि आतल्या दालनात आरशांच्या युक्तीने जिवंत माणसाचा सांगाडा होताना दाखवला जाई. एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही या प्रकाराच्या व्याकरणात फारसा बदल झालेला नाही.

या प्रकाराकडे केवळ करमणुकीचा एक फुटकळ नमुना म्हणून पाहिले तर समीक्षेला त्याच्याशी काही कर्तव्य उरत नाही. परंतु भय आणि भोजन यांना एकाच टेबलावर बसवणारी ही रचना साहित्यशास्त्रातील एका जुन्या रूपकाला अनवधानाने स्पर्श करते. रस ही संकल्पनाच मुळात जेवणाच्या ताटावरून उचललेली आहे. शिवाय पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांसारख्या औद्योगिक पट्ट्यात असे भोजनगृह उभे राहिले, तर त्याला लागून देहू, आळंदी आणि चिंचवड ही तीन संतस्थाने येतात. भय, मृत्यू आणि अन्न यांचे नाते तेथे शतकानुशतके वेगळ्या रीतीने लावले गेले आहे. या दोन रीती शेजारी ठेवून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस कसा निष्पन्न होतो हे सांगताना भरताने स्वयंपाकघराचा दाखला दिला आहे. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये एकत्र आल्याने जसा अन्नात रस उतरतो आणि प्रसन्न मनाचे लोक तो चाखतात, तसे प्रसन्न मनाचे प्रेक्षक अभिनयाने व्यक्त झालेले स्थायिभाव चाखतात, असा त्या दाखल्याचा आशय आहे. या दृष्टांतात भयालाही ताटात जागा आहे. भयानक हा आठ रसांपैकी एक. त्याचा वर्ण काळा, देवता काल आणि उगम बीभत्सात. म्हणजे जे किळसवाणे आहे त्याच्या पोटातून भय जन्मते. घास घशाखाली उतरू न देणारी किळस आणि तिच्यातून निपजणारे भय हेच जर चाखायचे असेल, तर या आस्वादाचे स्वरूप काय, हा प्रश्न भरताच्या दृष्टांतात आधीपासून दडलेला आहे.

अभिनवगुप्ताने या प्रश्नाचे उत्तर देताना निवडलेले उदाहरण लक्षणीय आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरणाचे वर्णन येते. ते हरीण मान वळवून मागे पाहते, बाण लागेल या भीतीने अंग आक्रसून घेते आणि धापेने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत जाते. अभिनवगुप्ताच्या मते या भयाला विशिष्ट स्थळकाळाची चौकट उरत नाही. ‘मी भ्यालो’ किंवा ‘हा भ्याला’ असे त्याचे रूप राहत नाही आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. साधारणीकरणाच्या चर्चेत हे उदाहरण वारंवार येते. पण त्यातील सांडलेल्या घासाकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. भयाच्या शास्त्रीय विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेल्या या चित्रात प्राणी खाऊ शकत नाही. घास सुटतो, तेव्हा भयाची खूण पटते. प्रेक्षकाला रस चाखता येतो, कारण त्या क्षणी तो स्वतः काही खात नसतो. ज्याचा घास सुटला त्याच्याशी त्याचे मन जुळलेले असते.

भयाच्या भोजनगृहात नेमकी हीच अट मोडते. तेथे घास सुटणे परवडणारे नाही, कारण घासाचेच पैसे घेतलेले असतात. म्हणून तेथील भय घास अडणार नाही इतक्या बेताचेच ठेवावे लागते. अंधारातून कोणी अंगावर येते, टेबलावरची माणसे किंचाळतात आणि पुढच्याच क्षणी हसतात. भरताच्या परिभाषेत याला भय म्हणता येणार नाही. तेहतीस व्यभिचारी भावांपैकी ‘त्रास’, म्हणजे एकाएकी दचकणे, एवढीच त्याची प्रत आहे. व्यभिचारी भाव येतो आणि जातो, त्याला स्थायी होण्याइतका अवधी मिळत नाही. शिवाय कोणताही रस आभासरूपाने आला की त्याची परिणती हास्यात होते, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. भोजनगृहातील किंचाळी हास्यात विरते, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण या एका विधानात मिळते. पाश्चात्त्य विचारातही बर्कने १७५७ च्या आपल्या ग्रंथात भय सुखद होण्यासाठी धोक्यापासून काही अंतर आवश्यक मानले. येथे ते अंतर आधीच हमीपूर्वक विकत घेतलेले असते.

या हास्याला सरसकट तुच्छ लेखणे न्याय्य होणार नाही. मृत्यूची थट्टा करणे ही माणसाची जुनी गरज आहे आणि शिमग्याच्या सोंगांपासून भारुडापर्यंत मराठी परंपरेने ती भागवली आहे. प्रश्न थट्टेचा नाही. थट्टा संपल्यावर हाती काय उरते, हा प्रश्न आहे. देहूच्या तुकोबांच्या एका अभंगात पंढरीचा विठ्ठल हेच एक मोठे भूत होते आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला झडपते. ऐकणारा प्रथम हसतो. पण या भुताच्या तावडीत सापडलेला पूर्वीसारखा परत येत नाही, हे त्या हसण्यातूनच ध्यानात येते. भोजनगृहातील पाहुणा मात्र हटकून जसा गेला तसाच परत येतो. त्याच्यात काहीही बदलू नये, हीच त्या व्यवहाराची हमी असते.

आळंदीची साक्ष याहून बोलकी आहे. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी रसांची मांडणी चक्क जेवणावळीच्या रूपकातून केली आहे. शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आणि इतर रसांनाही पंक्तीचा मान मिळाला, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव आहे. भरताकडे रस हा ताटातला पदार्थ होता, ज्ञानदेवांकडे तो पंगतीत बसलेला जेवणारा झाला. हा बदल साधा नाही. पुढे त्याच अध्यायात विश्वरूपाची असंख्य मुखे योद्ध्यांना गिळू लागतात, अर्जुन थरकापतो आणि यजमान शांताच्या घरात भयानकही येऊन बसतो. येथे खाणारा काळ आहे आणि माणूस त्याचे अन्न. जेवणावळीच्या प्रसन्न रूपकाने सुरू झालेला अध्याय वाचकाला ताटाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवतो. भयाला पंगतीत मान देणे म्हणजे काय, हे त्यातून कळते. आपण स्वतः कोणाचा तरी घास आहोत, ही जाणीव पत्करणे असा त्याचा अर्थ होतो.

लोकव्यवहारातही खाण्याची दिशा हीच आहे. तिठ्यावर ठेवलेला दहीभाताचा उतारा, ओवाळून टाकलेला भाताचा मुटका, राखणदाराला दिला जाणारा रोट आणि कोंबडा, पितृपक्षातला काकबळी, या सर्वांत भुकेलेला असतो तो मृत किंवा अदृश्य. जिवंत माणूस यजमान असतो. पिंडाला कावळा शिवला नाही की मागे राहिलेले लोक मृताची कोणती इच्छा अपुरी राहिली हे आठवू लागतात, त्याला वचन देतात. भुताचे भय म्हणजे येथे एका थकलेल्या देण्याचे भय आहे. भयाच्या भोजनगृहात हे नाते पुरते उलटते. भूत वाढपी होते आणि जिवंत माणूस पाहुणा. भुताला भूक नसते, त्याचे कोणाकडे काही येणे नसते. ते मागणी नोंदवून घेते. भयाचा नैतिक आशय गळून पडतो तो या उलटापालटीत. अहमदाबादेत एका जुन्या चहागृहात खऱ्या कबरींच्या मधोमध टेबले मांडलेली आहेत, कबरींना कठडे आहेत आणि त्यांच्यावर रोज फुले वाहिली जातात. तेथे कोणी घाबरत नाही, कारण मृतांचे देणे फुलांच्या रूपाने तरी दिले जाते. खोटी कबर भीती विकते आणि खरी कबर निवांत चहा पिऊ देते, हा विरोधाभास वरील विवेचनाला पुष्टी देणारा आहे.

आधुनिक मराठी साहित्यात भय आणि भूक यांची गाठ सर्वांत निर्दयपणे बांधली ती अण्णा भाऊ साठे यांनी. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा वारणेकाठचे गाव सोडून मुंबईत येतो, उपनगरातील खाणीत काम करतो आणि खाण बंद पडताच उघड्यावर येतो. राखेत सापडलेल्या अंगठीने त्याला वाट दाखवली आणि तो रात्री मढी उकरू लागला. एका प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. ती जिंकल्यावर तो प्रेताचे तोंड पहारीने उघडून सोने शोधतो आणि मिटलेल्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. बोटे गमावून तो घरी येतो, तेव्हा खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’त पाचव्या अंकातले स्मशान आहे, तेथे माधव पिशाचांना मांस विकायला निघतो. तो प्रसंग प्रेमिकाच्या साहसाचा आहे. भीमाजवळ साहसाची चैन नाही. या कथेत भूत कोठेच नाही आणि तरीही मराठीतील कोणत्याही भूतकथेहून ती अधिक भयानक आहे, कारण मृताचा जबडा आणि कामगाराची भाकरी यांमध्ये लेखकाने कोणतेही अंतर राहू दिलेले नाही.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला आणि गूढकथेला मोठा वाचकवर्ग दिला. धारपांच्या लेखनातून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट वरील सूत्राला दृश्यरूप देतो. त्यातील हस्तराला सोने मिळाले आहे, धान्य मिळालेले नाही. युगानुयुगे उपाशी असलेल्या या देवतेला कणकेची बाहुली दाखवून तिच्याकडचे सोने लुटले जाते. भुकेल्याला पिठावर भुलवून धनिक होण्याची ही कल्पना कोकणातल्या वाड्यापुरती मर्यादित राहत नाही. भुकेची किंमत कोण ठरवतो, हा तिचा खरा विषय आहे. उताऱ्याचा भात येथे देणे न राहता आमिष झालेला आहे आणि चित्रपटातील भय या बदलातूनच उपजते.

या पार्श्वभूमीवर औद्योगिक पट्ट्याकडे पाहता येते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण वाहन उद्योगाचे केंद्र बनले. पाळीवर चालणाऱ्या या प्रदेशात रात्र ही भुतांची वेळ राहिलेली नाही, ती कामाची वेळ झालेली आहे. येथील भयाची स्थाने वेगळी आहेत. दाबयंत्राखाली येणारा हात, ठेकेदाराकडची न टिकणारी नोकरी, पहाटेचा महामार्ग. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत. त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला, भाजलेल्यांपैकी आणखी काहींचा पुढे रुग्णालयात. मृतांत बहुतेक तेथे काम करणाऱ्या स्त्रिया होत्या.

या घटनेला रूपक करणे गैर ठरेल. ती घटना आहे आणि तशीच राहिली पाहिजे. परंतु भयाच्या भोजनगृहाविषयीचे विवेचन तिला वळसा घालून पूर्ण होऊ शकत नाही. भयाचा देखावा मांडलेल्या त्या टेबलावरही कोणाचा तरी वाढदिवस साजरा होतो, केक येतो आणि त्यावर अशीच मेणबत्ती पेटते. देखाव्यातील सांगाडा प्लॅस्टिकचा असतो. मेणबत्तीमागे मात्र कोणाच्या तरी हाताचे काम असते आणि त्या हाताला भाजण्याचे भय खरे असते. मुखवट्याआड उभा असलेला वाढपीही रात्रीच्या पाळीवर असतो. भय कोठे आहे हे दाखवणारी खूण त्या दालनात हजर असते, पण तेथील संपूर्ण रचना ती दिसू न देण्यासाठी झटत असते.

तेव्हा या प्रकारावर आक्षेप घ्यायचा तर तो भीतीचा खेळ केला म्हणून घेता येणार नाही. खेळ भारुडातही आहे. आक्षेप असा की भयानकाला पंगतीत बसवण्याचा आव आणून त्याला पंगतीबाहेर ठेवले जाते. ज्ञानदेवांच्या पंगतीत माणूस जेवणारा असतो आणि घासही असतो. उताऱ्यात तो देणेकरी असतो. अण्णा भाऊंच्या कथेत तो उपाशी असतो आणि त्याची बोटे मृताच्या दातांत असतात. या तिन्ही ठिकाणी भय माणसाला दुसऱ्याच्या भुकेशी जोडते आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. ‘आस्वाद’ हा शब्द मराठी समीक्षेने इतका वापरला आहे की त्यामागचे ताट आता सहसा दिसत नाही. भयाच्या भोजनगृहाने ते ताट पुन्हा समोर ठेवले, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल. त्या ताटात कोणी वाढले आणि वाढणाऱ्याने काही खाल्ले का, हे विचारणे हा यापुढे तरी आस्वादाचाच भाग मानला गेला पाहिजे.