चाणाक्ष वाचकांस

‘चाणाक्ष वाचकांनी हे ओळखलेच असेल’, हे वाक्य नसलेला दिवाळी अंक माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढे काय लिहावे ते सुचेनासे झाले, की लेखक हे विशेषण साखरफुटाण्यासारखे वाचकाच्या हातावर ठेवतो. वाचकही खूश! मला मात्र या शब्दाची खरी ओळख आमच्या घाडग्यांच्या कारंज्याला, संत्र्याच्या बागेत झाली.

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची फळे तोडणीला येतात. त्याआधी व्यापारी बागेत येऊन झाडावरच्या मालाचाच सौदा करतो. एका वर्षी आलेल्या गृहस्थाने खाली गळलेली फळे तेवढी उचलून पाहिली, आतल्या फांद्या वाकवल्या आणि चहा पिता पिता सहज विचारले, “पोरीचं लगन कधी धरलं, भाऊ?” वडिलांनी तिथी सांगितली. भाव तिथेच उतरला.

रात्री वडील म्हणाले, “मानूस मोठा चानाक्ष!”

आई म्हणाली, “काहाचा चानाक्ष? बेरकी म्हना!”

माझ्या मते दोघेही बरोबर होते. गळलेल्या फळावरून झाडाची प्रकृती ताडणे हा चाणाक्षपणा. बापाची नड ताडून भाव पाडणे हा बेरकीपणा. डोळा एकच, हेतू दोन. हुशाराला सांगितलेले समजते, चतुराला वेळ साधते, चाणाक्षाला न सांगितलेले दिसते. चाणक्याशी नाते सांगणारा हा शब्द नजरेविषयी बोलतो. हेतूविषयी तो मौन पाळतो.

म्हणूनच त्याला जपले पाहिजे. ‘धूर्त’ या शब्दाचे काय झाले पाहा. समर्थांनी ‘दासबोधा’त तो शहाण्या, सावध पुरुषाचा गुण म्हणून गौरवाने वापरला. आज कुणाला धूर्त म्हणून पाहावे, भांडणच व्हायचे! दुसऱ्याला फसवून जिंकणाऱ्या प्रत्येकाला आपण चाणाक्ष म्हणू लागलो, तर याही शब्दाची तीच गत होईल. मग निर्मळ मनाच्या, पण तीक्ष्ण नजरेच्या माणसाला काय म्हणायचे?

पुढच्या वर्षी तोच व्यापारी आला. चहा पिताना त्याने घरची विचारपूस आरंभली. वडिलांनी गळलेली चार फळे त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “आधी याचं बोला, भाऊ.”

त्या रात्री ‘चानाक्ष’ हा शब्द आईने उच्चारला, वडिलांसाठी.