नाणेघाटातील प्रतिमापंक्ती आणि वारसाहक्काची भाषा

सातवाहन वंशातील दुसरा राजा कृष्ण याचे नाव नाणेघाटाच्या लेण्यात का नाही, या प्रश्नाची चर्चा प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात दीर्घकाळ होत आली आहे. त्या चर्चेतील एक मत विशेष रूढ झाले. नाव नाही, त्या अर्थी वैर असले पाहिजे. आणि वैर होते, त्या अर्थी कृष्णाने पुतण्याचे राज्य बळकावले असले पाहिजे, असा तो तर्क होय. तर्क आकर्षक आहे. पेशवाईतील चुलत्या-पुतण्यांचे वाद ज्या वाचकाच्या अंगवळणी पडले आहेत, त्याला तर तो सहज पटतो. परंतु शिलालेखातील मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी तो लेख कोणत्या हेतूने कोरला गेला, त्यात कोणाला स्थान मिळाले आणि ते कोणत्या नात्याने मिळाले, हे पाहणे अगत्याचे असते. ही पायरी पुष्कळदा ओलांडली गेली आहे.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावड्याच्या पुढे वैशाखरे हे गाव लागते. तेथून पुढे नाणेघाटाची चढण सुरू होते आणि घाटमाथ्याशी, कोकणाकडे तोंड केलेले हे लेणे आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे व तेथून प्रतिष्ठानकडे जाणारा माल याच वाटेने चढत असे. लेण्याच्या बाजूच्या भिंतींवर यज्ञ व दक्षिणा यांचा तपशील देणारा मोठा प्राकृत लेख आहे. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या प्रतिमांचे आज पावलांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. त्यांच्या माथ्यावर कोरलेली नावे मात्र बरीचशी टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साइक्स यांनी या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेखाचे वाचन केले आणि ब्यूलर यांनी १८८३ मध्ये त्याची सटीक आवृत्ती प्रसिद्ध केली. लेखाचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक की पहिले, याविषयी मतभेद आहे. प्रस्तुत प्रश्नाला त्या मतभेदाने बाध येत नाही.

नावांचा क्रम असा आहे: प्रथम राजा सिमुक सातवाहन, नंतर देवी नायनिका, म्हणजे लेखांतरी प्रसिद्ध असलेली नागनिका, व राजा श्री सातकर्णी, नंतर कुमार भाय, त्यापुढील एका आकृतीचे नाव नष्ट झाले आहे, त्यानंतर महारठी त्रणकयिर, आणि शेवटी कुमार हकुसिरि व कुमार सातवाहन. सिमुक आणि सातकर्णी यांच्यामध्ये कोणी नाही. पुराणांच्या राजावलीत मात्र सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण येतो. मत्स्यपुराणाच्या पाठात त्याला १८ वर्षे दिली आहेत. आणि सातकर्णी हा त्याचा पुत्र म्हटला आहे. कृष्ण ही पुराणकारांची कल्पना नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी १९ क्रमांकाचे लेणे सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या एका महामात्राने करविले, असे तेथील लेखच सांगतो.

या दोन साक्षी समोरासमोर ठेवल्यावर निश्चितपणे काय निष्पन्न होते? एवढेच, की सातकर्णी कृष्णाचा पुत्र असणे फार कठीण आहे. ज्या पंक्तीत राणीसमवेत राजा उभा आहे, त्या पंक्तीतून त्या राजाचा जन्मदाता पिताच गाळला जाईल, हे संभवत नाही. तेव्हा पुराणांतील पितापुत्रसंबंध सोडावा लागतो आणि सातकर्णी सिमुकाचा पुत्र, हे मत बळकट होते. येथवर युक्तिवाद भक्कम आहे. परंतु येथून पुढे 'बळकावणी'पर्यंत जी उडी मारली जाते तिला आधार कोणता? नाशिकच्या लेखात संघर्षाचा मागमूस नाही. एक अधिकारी भिक्षूंसाठी शांतपणे लेणे कोरवितो आहे. भावामागून भाऊ गादीवर येणे ही गोष्टही राजकुलांच्या इतिहासात अनोखी नव्हती. सिमुकाच्या मृत्यूसमयी त्याचा पुत्र लहान असेल, तर राज्य भावाकडे जाणे हा बंडाचा नव्हे, व्यवहाराचा प्रकार ठरतो.

शिवाय ही पंक्ती राजावली नाहीच. राजावलीत कुमारांचे काय काम? आणि राणीच्या माहेरच्या महारठीचे तर त्याहून काय काम? ही कुटुंबाची पंक्ती आहे आणि ती एका विशिष्ट क्षणी, एका विशिष्ट दृष्टिकोणातून रचलेली आहे. तो क्षण कोणता, हे मोठ्या लेखावरून कळते. त्यात यज्ञ करणाऱ्या राजाच्या राणीचे वर्णन आहे: ती अंगिय कुळाची कीर्ती वाढविणाऱ्या महारठीची कन्या, वेदिसिरि व सति या पुत्रांची माता, मासोपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन कंठणारी. हे वर्णन विधवेचे आहे, असा अर्थ बहुतेक संशोधकांनी घेतला आहे. पुत्र अल्पवयीन होते आणि कारभार मातेच्या हाती होता, हा निष्कर्षही सर्वसाधारणपणे मान्य आहे. लेख स्वतः राणीने कोरविला की पुढे पुत्राने, याविषयी वाद असला, तरी दोन्ही पक्षी लेखाचे हितसंबंध एकच राहतात. सातकर्णीमागून राज्य सातकर्णीच्याच पुत्रांकडे गेले पाहिजे, हे त्याला सांगावयाचे आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे कृष्णाच्या अनुपस्थितीला निराळा अर्थ प्राप्त होतो. अल्पवयीन पुत्रांच्या मातेला कृष्णाविषयी वैर वाटण्याचे कारण नव्हते. तो केव्हाच दिवंगत झाला होता. तिला भय वाटावे असे त्याचे उदाहरण होते. पुत्र लहान असता भाऊ गादीवर बसू शकतो, हे कृष्णाच्या कारकीर्दीने एकदा सिद्ध केले होते. ते उदाहरण घाटातून जाणाऱ्या प्रत्येक सार्थवाहाच्या डोळ्यांसमोर दगडात कोरून ठेवणे, म्हणजे आपल्याच पुत्रांच्या वाटेत दगड ठेवणे. म्हणून सिमुकापासून थेट सातकर्णीपर्यंत रेघ ओढली गेली, आणि भाय, हकुसिरि यांसारख्यांना पंक्तीत घेतले तेही 'कुमार' या पदाने, राजाच्या खालच्या पायरीवर, सन्मानपूर्वक बांधून. हे अनुमान आहे, हे उघड आहे. परंतु बळकावणीच्या अनुमानापेक्षा त्याला एक गोष्ट अधिक साध्य होते. पंक्तीतून कोण गळले याबरोबरच पंक्तीत कोण आले याचाही उलगडा त्याने होतो.

महारठी त्रणकयिराची प्रतिमा या बाबतीत कृष्णाच्या अभावापेक्षाही बोलकी आहे, आणि तिच्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. पितृकुलाच्या पंक्तीत मातामह उभा आहे. महारठी हे सह्याद्रीच्या परिसरातील बलिष्ठ सरदारांचे पद होते; पुढील काळात कार्ल्याचा सिंहस्तंभ दान करणारा अगिमित्रणक हाही महारठीच. अशा घराण्याचा प्रमुख नातवांच्या बाजूला उभा असणे, ही घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिलेली राजकीय सूचना होती. राजसूय, दोन अश्वमेध, हजारो गाई, एका ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांची दक्षिणा, ही सारी जंत्री मृत राजाचे पुण्य पुत्रांच्या खात्यावर जमा करते. महारठीची प्रतिमा त्या खात्याला जामीन राहते. वारसा पित्याच्या रक्ताने सांगितला आहे, पण त्याची राखण मातेच्या माहेराने पत्करली आहे. हकुसिरीचे पुढे काय झाले? नाशिकच्या चैत्यगृहातील एका लेखात भट्टपालिका नावाची स्त्री महाहकुसिरीची नात म्हणून येते. ती हीच व्यक्ती असेल, तर कुमाराचे घराणे प्रतिष्ठित राहिले, परंतु राजपद त्याच्याकडे आल्याचे तो लेख सांगत नाही.

वारसावादात प्रतिस्पर्ध्याला गाळणे हाच एक मार्ग असतो, असे मात्र नाही. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण आरंभीच्या शीख इतिहासात आहे. गुरू नानकांनी १५३९ मध्ये श्रीचंद व लखमीदास हे दोन्ही पुत्र बाजूला ठेवून लहणा या शिष्याला अंगद या नावाने आपल्या जागी बसविले. अंगदांनी १५५२ मध्ये दासू व दातू या पुत्रांऐवजी वृद्ध अमरदासांना निवडले. अमरदासांनी १५७४ मध्ये मोहन व मोहरी हे पुत्र असता जावई रामदासांना. प्रत्येक वेळी घरात असंतोष झाला. लक्षणीय गोष्ट ही, की विजयी पक्षाने तो झाकला नाही. सत्ता व बलवंड या रबाबवादकांच्या रामकली रागातील वारेत पुत्रांनी आज्ञा मानली नाही, हे स्पष्ट म्हटले आहे, आणि १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्या वारेला स्थान आहे. सुंदर या अमरदासांच्या पणतूची 'सद' ही रचनाही त्याच ग्रंथात आहे. मोहरीने पुढे होऊन पित्याचा निर्णय शिरोधार्य मानल्याचे ती सांगते.

नाणेघाटात जे झाकावे लागले ते येथे गाजविले का गेले? दोन्हीकडील वारशाचे तत्त्वच भिन्न होते. गुरुपद ज्योतीने संक्रांत होते, रक्ताने नव्हे, हे सांगावयाचे असेल तर डावललेला पुत्र हाच सर्वांत प्रभावी पुरावा ठरतो. त्याला गाळून चालत नाही. याच्या उलट, जेथे हक्क रक्ताचा, तेथे त्याच रक्ताचा दुसरा दावेदार हा सर्वांत मोठा धोका. त्याचा उल्लेख करणे म्हणजे त्याचा हक्क मान्य करणे. हे तत्त्व बदलले की लेखनाची रीतही कशी बदलते, हे पुढच्याच पिढीत दिसते. रामदासांनी १५८१ मध्ये धाकटा पुत्र अर्जन याला गुरुपद दिले आणि तेथून ते सोढी घराण्यातच राहिले. ज्येष्ठ पुत्र पृथीचंद आता केवळ डावललेला पुत्र उरला नाही. तो खरा प्रतिस्पर्धी झाला. त्याच्या अनुयायांना 'मीणे' हे निंदाव्यंजक नाव मिळाले व भाई गुरदासांच्या वारांत त्यांचा कठोर धिक्कार झाला. पृथीचंदाचा पुत्र मिहरबान याने तर 'नानक' या नाममुद्रेनेच पदे रचली व नानकांची एक जन्मसाखीही सिद्ध केली. आदिग्रंथाची अधिकृत प्रत तयार करण्याची निकड या प्रतिस्पर्धी वाणीमुळे वाढली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे धीरमलाने ग्रंथाची मूळ प्रतच आपल्या ताब्यात ठेवली, रामराय औरंगजेबाच्या दरबारी राहिला आणि १६६१ मध्ये गुरुपद पाच वर्षांच्या हरकृष्णाकडे गेले. हा सारा कलह व्यक्तीच्या गुरुपदाशी निगडित होता. नांदेड येथे १७०८ मध्ये गोविंदसिंहांच्या अखेरीस गुरुपद ग्रंथाकडे गेल्याचे शीख परंपरा मानते. त्यामुळे दावा सांगण्यासारखे पदच उरले नाही.

शीख इतिहासाच्या अभ्यासकाची सोय अशी, की पराभूत शाखेचे लेखनही त्याला उपलब्ध आहे. मिहरबानाची बाजू मिहरबानाच्या शब्दांत वाचता येते. सातवाहनांच्या अभ्यासकाला कृष्णाच्या बाजूची म्हणून नाशिकची ती त्रोटक ओळच काय ती मिळते. तेव्हा त्याने नाणेघाटातील मौनावर अधिक भार टाकताना हा फरक ध्यानी ठेवावयास हवा होता. पंक्तीतील एक नाव नष्ट झाले आहे, ही गोष्टही अनेक विवेचनांत एका ओघवत्या वाक्यात निपटली जाते. ते नाव कुमार भाय याच्या पुढचे असल्यामुळे तेथे कृष्ण असण्याचा संभव कमी, हे खरे. परंतु अपूर्ण पंक्तीवरून अभावाचा सिद्धांत मांडताना तेवढी कबुली आवश्यक आहे.

रक्ताच्या वारशाला शब्दांचा आधारही उरला नाही म्हणजे काय होते, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. मुरबाडला लागून असलेल्या शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला आहे. अहमदनगरची निजामशाही वारसावादांनी आधीच पोखरली होती. मलिक अंबर १६२६ मध्ये वारल्यावर त्याच्याच पुत्राने, फत्तेखानाने, बुऱ्हाण निजामशहाचा वध करविला आणि हुसेन या बालकाला गादीवर बसविले. १६३३ मध्ये दौलताबाद पडून हुसेन मोगलांच्या हाती गेला, तेव्हा शहाजी भोसल्यांनी त्याच वंशातील मुर्तझा नावाचे दुसरे मूल शोधून त्याच्या नावाने राज्य चालविले. नागनिका राजमाता होती. शहाजीला त्या बालकाशी कोणतेही नाते सांगता येत नव्हते. महारठीसारखा मातामह पाठीशी उभा करावा तर तोही नव्हता. त्यामुळे शहाजीचा सारा अधिकार त्या मुलाच्या देहावर अवलंबून राहिला. मूल ज्या किल्ल्यात, राज्य त्या किल्ल्यात. १६३६ मध्ये शहाजहान व आदिलशहा यांच्यात तह झाला आणि खान जमान व रणदुल्लाखान यांच्या फौजांनी शहाजीला माहुलीवर कोंडले. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या तडजोडीत शहाजीने मागितलेल्या व मिळविलेल्या सवलतींची चर्चा मराठी इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. मोगलांना अभिप्रेत असलेली मुख्य अट मात्र एकच होती, ती म्हणजे मूल स्वाधीन करणे. मुर्तझाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठविण्यात आले, शहाजी विजापूरच्या सेवेत गेला, आणि निजामशाहीच्या नावाने दावा सांगावयास त्यानंतर कोणी पुढे आले नाही.