शाळेचा व्हॉट्सअॅप गट आणि ऊसतोड पालक : एक चिकित्सा

२०२० च्या टाळेबंदीत राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम राबविण्यात आला आणि व्हॉट्सअॅप गट हा शाळा व कुटुंब यांतील दुवा मानला गेला. बीड जिल्ह्याच्या संदर्भात ही धारणा तपासणे अगत्याचे आहे. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मूल आजीपाशी वा हंगामी वसतिगृहात राहिले, तरी फोन आईवडिलांबरोबर फडात जातो. म्हणजे गृहपाठाची सूचना पोहोचते तेथे मूल नसते! तथापि, मुलाची हजेरी, आजारपण आईला कळण्याचे साधनही हाच फोन होय. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार हजेरी व प्रगती पालकांस सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. गटांवर मात्र परिपत्रके, छायाचित्रे व शुभेच्छा यांचीच गर्दी आढळते; कित्येक गटांत तर लिहिण्याची मुभा केवळ प्रशासकास असते. यास संवाद कसे म्हणावे? अक्षरओळख नसलेल्या आईस शिक्षकाच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचा निरोप अधिक उपयोगाचा आहे. तिचे उत्तर रात्री उशिरा, गाडी भरून झाल्यावर येईल, हे शाळेने गृहीत धरावे.