संतांची मिरवणूक आणि ‘एकमेव’पणाचा सोस

उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथील संत आंद्रेच्या चर्चमधून संतांची मिरवणूक निघते. कोकणीत तिला ‘संतांचें पुरशांव’ म्हणतात. (हे गाव कदंबांच्या गोपकपट्टणाच्या परिसरातले, मोठमोठ्या चर्चांचे जुने गोवे ते हे नव्हे.) तिच्याविषयी लिहिताना एक वाक्य हटकून येते : अशी मिरवणूक जगात दोनच ठिकाणी निघते, रोमला आणि इथे. माझा आक्षेप या वाक्याला आहे.

ही मिरवणूक फ्रान्सिस्कनांच्या तिसऱ्या संघाच्या परंपरेतली. पहिला संघ संन्यासी पुरुषांचा, दुसरा संत क्लारेच्या मठवासी स्त्रियांचा आणि तिसरा घरसंसारात राहून व्रत पाळणाऱ्यांचा. या तिसऱ्या संघाच्या नियमांना पोप चौथे निकोलस यांनी १२८९ मध्ये मान्यता दिली. पोर्तुगालमध्ये राखेच्या बुधवारी किंवा उपवासकाळात या संघाच्या मिरवणुका निघत. ओव्हार आणि माफ्रा येथे त्या आजही निघतात. पोर्तुगीजांबरोबर ही प्रथा ब्राझीललाही गेली. पिलारच्या टेकडीवर फ्रान्सिस्कनांचा मठ १६१३ मध्ये उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातली ही मिरवणूक याच मोठ्या कुळातली आहे. तिला एकाकी ठरवले की हे कूळच पुसले जाते.

त्याहून मोठे नुकसान अर्थाचे होते. तिसऱ्या संघाने आपले मानलेले संत कोण? फ्रान्सचा राजा लुई, हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ, गरिबांचे खटले लढवणारा वकील इव्हो, धान्याचा व्यापार सोडून दानधर्माला लागलेला लुकेझिओ आणि त्याची पत्नी बोना. प्रपंच करूनही परमार्थ साधतो, हे आपल्याकडे वारकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. या मूर्ती रस्त्यावर आणून तिसरा संघ तेच सांगत होता.

मात्र या साम्यावरून ‘पालखीचेच हे ख्रिस्ती रूप’ असे म्हणणे मला घाईचे वाटते. मूर्ती चौथऱ्यावर ठेवून खांद्यावर नेण्याची रीत पोर्तुगालमध्ये होतीच. गोव्यातल्या माणसाला ती पाहून पालखी आठवली असेल; पण तो स्वागताचा इतिहास झाला, उगमाचा नव्हे. दोन्ही स्वतंत्रपणे लिहायला हवेत.

पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. संन्यासी गेले, मिरवणूक आज गावकऱ्यांच्या बळावर निघते. गृहस्थांच्या संघाला हे साजेसेच. पण इथेच अवघड प्रश्न उभा राहतो. गोव्यातल्या अनेक चर्चांच्या कोंफ्रारींमध्ये सभासदत्व आणि मान जातीनुसार ठरत आले. झगा कोणी घालायचा, मूर्तीला खांदा कोणी द्यायचा, यावरून गावोगाव वाद झाले. सर्व गृहस्थांसाठी खुला असलेला मार्ग सांगणारी मिरवणूक खरोखर सर्वांची होती का?

या प्रश्नाचे उत्तर रोमशी तुलना करून मिळणार नाही. त्यासाठी कोंफ्रारींची दप्तरे उघडावी लागतील आणि गावातल्या वृद्धांना विचारावे लागेल की, कोणती मूर्ती कोणत्या वाड्याच्या खांद्यावर असे. ‘एकमेव’ हे विशेषण पर्यटकाला पुरते. अभ्यासकाने त्यावर थांबू नये.