‘महिन्याला ११,४९२ रुपये’ : एका सरासरीची झाडाझडती

पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, असे मेसेज या दिवसांत बरेच येतात. त्यात एक विषय हमखास असतो: ‘बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांचे अंदाजपत्रक, कर्जबाजारीपणा व वृद्धापकाळाची तरतूद’. विषय चांगला आहे, पण दुसऱ्याच परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य येतं: महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये. त्याच्या खाली ५०-३०-२० चं सूत्र, आणि शेवटी ‘शेतकऱ्यांमध्ये आर्थिक साक्षरतेचा अभाव’ हा निष्कर्ष. फील्डवर्क व्हायच्या आधीच निष्कर्ष तयार!

आज हा आकडा आणि हे सूत्र, दोन्ही जरा उलगडून बघू. मी एम.एस्सी. सांख्यिकीची, त्यामुळे अर्थशास्त्रवाल्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

आकडा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीतला आहे. शेतकरी कुटुंबांची स्थिती तपासणारी ही पाहणी २०१९ साली झाली आणि तिचं संदर्भवर्ष होतं जुलै २०१८ ते जून २०१९. देशाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यातली मजुरी ४,०६३ आणि पिकाचं निव्वळ उत्पन्न ३,७९८. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा, कारण ज्याला आपण शेतकरी कुटुंब म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. माझ्या मते त्या अहवालातली सगळ्यात मोठी बातमी हीच. सिनॉप्सिसमध्ये मात्र ती क्वचित दिसते.

पाहणीला नावं ठेवण्याआधी तिचं श्रेय तिला देऊ. एकाच कुटुंबाकडे वर्षात दोनदा जाऊन खरीप आणि रब्बी वेगळे विचारले होते, म्हणजे आठवणीवरचा भार निम्मा केला होता. शिवाय उत्पन्न दोन तऱ्हांनी काढलं. हातातून गेलेला खर्च तेवढाच वजा केला तर १०,२१८. घरचं बियाणं, घरच्या माणसांची मेहनत यांचीही किंमत धरली तर ८,३३७. कोणता आकडा घ्यायचा हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. घरखर्चाचा अभ्यास असेल तर पहिला, शेती परवडते का हे बघायचं असेल तर दुसरा. एका प्रकरणात पहिला आणि पुढच्यात दुसरा, असं करू नका. गाईडच्या नजरेतून सुटलं तरी व्हायव्हात पकडतात.

आणखी एक. ११,४९२ हा आकडा महाराष्ट्राचा आहे, बुलढाण्याचा नाही. त्या नमुन्याची रचना राज्य पातळीच्या अंदाजासाठी आहे. त्यातली बुलढाण्याची घरं वेगळी काढून ‘जिल्ह्याची सरासरी’ लिहिली, तर तिच्यातली चूक आकड्याइतकीच मोठी असू शकते. पुणे-नाशिकची द्राक्षं-कांदे आणि मेहकर-लोणारचं कोरडवाहू सोयाबीन एका टोपलीत टाकून आलेली ती सरासरी आहे.

पण माझी खरी तक्रार ‘मासिक’ या शब्दावर आहे.

मेहकर तालुक्यातलं एक काल्पनिक घर घेऊ. आकडे सोयीसाठी मी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. चार एकर कोरडवाहू, सोयाबीनमध्ये तुरीची तासं. सोयाबीन २४ क्विंटल, भाव ४,२०० म्हणजे १,००,८००. तूर ४ क्विंटल, ७,००० ने २८,०००. दोघांची मिळून ९० दिवसांची मजुरी, ३०० ने २७,०००. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून १२,०००. झाले १,६७,८००. एकरी १२,००० प्रमाणे लागवडीचा खर्च ४८,००० वजा केला की उरतात १,१९,८००. भागिले बारा, ९,९८३. घरखर्च महिन्याला ८,००० धरला तर दरमहा १,९८३ रुपये शिल्लक. छान! वर्षाला २३,८०० ची बचत, चला एसआयपी सुरू करू.

आता तेच घर जून ते सप्टेंबर बघा. चार महिन्यांचा घरखर्च ३२,०००. बियाणं, खत, फवारणी, निंदण मिळून ३६,००० (सोंगणी-मळणीचे १२,००० ऑक्टोबरात). बाहेर गेले ६८,०००. या काळात घरात काय आलं? मजुरीचे १०,००० आणि अनुदानाचा एक-एक हप्ता धरून ४,०००. म्हणजे ५४,००० ची खिंड. मागचं सोयाबीन शिल्लक असेल तर ती थोडी बुजते, पण ते बहुतेक दिवाळीआधीच अडत्याकडे गेलेलं असतं. शाळा-कॉलेजचे प्रवेश जूनमध्येच असतात हे यात धरलेलंच नाही.

वर्षाच्या हिशोबात शिल्लक आणि सप्टेंबरात चोपन्न हजारांनी तोंडघशी. दोन्ही विधानं त्याच घराबद्दल आहेत आणि दोन्ही खरी आहेत. बाराने भागलं की दुसरं विधान पुसलं जातं. संशोधक म्हणून तुम्हाला नेमकं तेच हवं होतं.

५०-३०-२० बद्दल थोडक्यात. हे सूत्र लोकप्रिय केलं एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांनी, २००५ साली आलेल्या पुस्तकातून. त्यांच्यासमोर दर पंधरवड्याला किंवा महिन्याला पगार घेणारं अमेरिकन कुटुंब होतं, आणि टक्केवारी कर कापून हातात येणाऱ्या पगाराची होती. त्या घरासाठी सूत्र वाईट नाही. पण ज्या घरी कमाईचा मोठा वाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, तिथे जुलैच्या कमाईचे वीस टक्के म्हणजे नेमकं कशाचे? सूत्र पाळलं नाही म्हणून त्या घराला आर्थिक निरक्षर म्हणणं म्हणजे फूटपट्टीने दूध मोजणं.

आता कर्ज. याच ७७व्या फेरीत देशातली ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबं कर्जात दिसली. कुटुंबामागे सरासरी बाकी ७४,१२१ रुपये, महाराष्ट्रात ८२,०८५. त्याच फेरीत मालमत्ता आणि देणी मोजणारी एक जोडपाहणीही होती आणि तिची संदर्भ तारीख ३० जून २०१८. या तारखेवर थांबा जरा. तीस जूनला आमच्याकडे काय स्थिती असते? सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज नुकतंच उचललेलं, पेरणी झालेली किंवा चाललेली, कृषी केंद्राच्या वहीत उधारी, कदाचित बाईचं डोरलं गहाण. वर्षातलं सगळ्यात फुगलेलं कर्ज त्याच सुमाराचं. हेच घर डिसेंबरात मोजलं तर चित्र वेगळं दिसेल. तारीख चुकीची आहे असं मी म्हणत नाही, सगळ्या देशासाठी एकच तारीख लागते. पण त्या आकड्यावरून ‘बुलढाण्याचा शेतकरी कर्जात बुडाला’ असं लिहिताना तो कोणत्या महिन्याचा आहे हे लिहायला हवं.

उलट बाजूने काही कर्ज मोजलंच जात नाही. खताची बॅग रोखीने एका भावाला, उधारीने दुसऱ्या. मधला फरक हे व्याजच असतं, पण प्रश्नावलीत ते ‘खत’ या रकान्यात जातं. शेतकऱ्याने खोटं सांगितलेलं नसतं, त्याला विचारलंच ‘खताला किती लागले?’ असं.

मग ‘नवं-जुनं’. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. राज्यात पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. म्हणून मार्च अखेरीला धावपळ असते. समजा बाकी ६०,०००. हातात नाहीत. मग खासगीत शेकडा तीनने एका महिन्यासाठी उचलायचे, बँकेत भरायचे, नवीन कर्ज मंजूर झालं की खासगीवाल्याचे परत. खर्च १,८००. नवीन कर्जाला महिनाभर उशीर झाला तर ३,६००. कागदावर शून्य टक्के, घराच्या हिशोबात तीन किंवा सहा टक्के. दोन भेटींच्या पाहणीत हे महिनाभराचं कर्ज सापडण्याची शक्यता किती? दोन्ही भेटींच्या तारखांना ते फिटलेलं असतं.

आणि हे घर कर्जात आहे की कर्जमुक्त? सरकारी भाषेत कर्जमुक्ती ही एका तारखेची घटना असते. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान उचललेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं, दोन लाखांपर्यंतचं अल्पमुदत पीककर्ज माफ झालं. दर मार्चला नवं-जुनं करणारा थकीत नव्हता, त्यामुळे तो या व्याख्येत बसला नाही. त्याच्यासाठी पुढे ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन आलं, पण ते वेगळं प्रकरण. घरासाठी कर्ज हा पाटाच्या पाण्यासारखा वाहता हिशोब आहे. हंगामी पीककर्ज आणि मुलीच्या लग्नाचं सावकारी कर्ज एकाच बेरजेत घालून ‘कर्जबाजारीपणा’ मोजणारा प्रबंध मला पटत नाही. पहिलं त्या घराचं खेळतं भांडवल आहे, मुक्ती हवी ती दुसऱ्यापासून.

मग पर्याय? ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे २००९ चं पुस्तक वाचा. कॉलिन्स, मॉर्डक, रदरफोर्ड आणि रुथवेन या चौघांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे अडीचशे कुटुंबांच्या ‘आर्थिक रोजनिशी’ वर्षभर ठेवल्या. साधारण पंधरा दिवसांनी भेट, आणि प्रश्न बाकी किती यापेक्षा आलं-गेलं किती याचा. वर्षाअखेरची शिल्लक चिमूटभर, पण वर्षभरात हातांतून गेलेला पैसा तिच्या कित्येक पट. गरिबाकडे पैसाच नाही तर तो सांभाळणार काय, हा समज ते पुस्तक मोडून काढतं. त्याच्याही मर्यादा आहेत. नमुना लहान, त्यामुळे त्यावरून राज्याचा किंवा देशाचा अंदाज काढता येत नाही. शिवाय पंधरा दिवसांनी कोणी हिशोब विचारायला येतंय म्हटल्यावर माणूस हिशोब ठेवायला लागतो, म्हणजे मोजण्यानेच मोजायची गोष्ट बदलते. तरी एका पीएच.डी.ला झेपेल असं हेच आहे. ५०० घरांची एकदाची प्रश्नावली की २० घरांची जून ते मे रोजनिशी, असं विचाराल तर मी वीस घरं घेईन. गाईड ‘सॅम्पल साइज’ विचारतील, तेव्हा चोपन्न हजारांची खिंड दाखवा.

म्हातारपणाच्या तरतुदीत हाच गोंधळ वेगळ्या रूपात येतो. प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत (२०१९) १८ ते ४० वयात नाव नोंदवून महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, साठीनंतर महिन्याला ३,०००. आज तिशीतला कास्तकार ते तीन हजार तीस वर्षांनी घेईल. महागाई ५ टक्के धरली तर आजच्या भावात ते सुमारे ७०० रुपये होतात. सिनॉप्सिसमध्ये ‘योजनेबाबत जागरूकता कमी’ असं लिहिण्याआधी हा भागाकार करा. न भरणारा अडाणी नसेलही, त्याने दोन शेळ्या घेतल्या असतील. ‘निवृत्तीचं वय काय?’ हा प्रश्नही गावात विचारून बघा. उत्तर बहुधा वयाचं येत नाही. पोरगं हाताशी आलं की, गुडघे गेले की, नाहीतर जमीन वाटून दिली की, असं येतं. हे उत्तर अंकांच्या रकान्यात बसत नाही म्हणून ‘लागू नाही’ असं भरून पुढे जाऊ नका.

जाता जाता तुमच्याच वहीबद्दल. फेलोशिप मिळाली तर ती नावाला मासिक असते, खात्यात मात्र कधी तीन-चार महिन्यांची एकदम पडते. पीएफ नाही, मेसचं बिल मात्र दर महिन्याचं. रोजनिशीचा पहिला नमुना म्हणून स्वतःचे तीन महिने लिहून काढा. रकाने पाच पुरेत: तारीख, आले, गेले, कोणाकडून किंवा कोणाला, आणि परत कधी द्यायचं ठरलं. शेवटचा रकाना भरताना लोक अडखळतात, तिथे घाई करू नका.