बृहद्वलयी उत्प्रेरण आणि अधिरेणवीय रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना : क्लिक रसायनशास्त्राची संकल्पना कोल्ब, फिन व शार्पलेस यांनी २००१ साली मांडली आणि २०२२ च्या नोबेल पारितोषिकाने तिच्यावर मान्यतेची मोहोर उमटली. तथापि अझाइड व अल्काइन यांचा संयोग तांब्याविनाही वेगाने घडू शकतो, हे विल्यम मॉक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखविले होते. भोपळ्याच्या आकाराच्या कुकरबिटयुरिल या बृहद्वलयाच्या पोकळीत दोन्ही रेणू समोरासमोर येतात व अभिक्रियेचा वेग सुमारे ५५,००० पट वाढतो. शिवाय केवळ १,४-ट्रायझोल हाच समघटक मिळतो.

विवेचन : या वलयास 'उत्प्रेरक' म्हणणे कितपत युक्त आहे, हा येथे कळीचा प्रश्न आहे. उत्प्रेरक अभिक्रियेअखेर मुक्त होऊन पुन्हा कार्यरत व्हावा, अशी व्याख्या वर्गात शिकविली जाते. येथे मात्र तयार झालेले ट्रायझोल पोकळीतून सावकाश बाहेर पडते. रेणूच्या टोकांना अवजड गट असल्यास ते बाहेर पडूच शकत नाही. वलय अक्षावर कायमचे अडकते व रोटॅक्सेन निर्माण होते. उत्प्रेरणाच्या दृष्टीने जो दोष, तोच रचनेच्या दृष्टीने गुण ठरतो. टुन्जेल व स्टाइंके यांनी १९९९ साली याच गुणाच्या आधारे पॉलिरोटॅक्सेन तयार केली.

डेव्हिड ली यांच्या गटाची २००६ ची पद्धत वरकरणी अशीच भासते. परंतु तेथे वलयाने धरून ठेवलेले तांबे हे खरे उत्प्रेरक असून वलय हे केवळ अभिक्रियेचे स्थान आहे. या दोन पद्धती एकाच शीर्षकाखाली मांडल्यास कारणमीमांसा धूसर होते.

मर्यादाही दुर्लक्षून चालणार नाहीत. सहा घटकांचे कुकरबिटयुरिल पाण्यात अत्यल्प विरघळते. अभिकारकांवर अमोनियम गट असावे लागतात. प्रत्येक रोटॅक्सेनमागे किमान एक वलय खर्ची पडते. त्यामुळे तांब्याचे अवशेष टळत असले, तरी ही पद्धत सार्वत्रिक पर्याय ठरत नाही.

निष्कर्ष : वलय वेग वाढविते हे निर्विवाद, परंतु जेथे ते उत्पादिताचाच भाग बनते, तेथे त्यास 'वेगवर्धक साचा' म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. हा भेद अध्यापनात स्पष्ट केल्यास उत्प्रेरणाची व्याख्या आणि या संशोधनाचे खरे मोल, दोन्ही अबाधित राहतील.